करंगळीपुरता करंट

कप पडला हे तिला आवाजावरून कळलं. हातातून सुटताना कळलं नाही. खरं तर कप अजून हातातच आहे अशा समजुतीने तिने बोटं तशीच वाकवून धरली होती, आणि चहा फरशीवरून पसरत फ्रीजखाली निघाला होता. आता कप काय पहिल्यांदा फुटला घरात? कप निसटतो, धक्का लागून पडतो, पण प्रत्येक पडण्याच्या आधी एक क्षण असतो, गेला, गेला, धर, असं पोटात होणारा. तो क्षण आज आलाच नाही. "काय फुटलं गं?" मुलीने आतून विचारलं. "कप." "कुठला?" जणू कुठला यावर सगळं अडलं होतं. "कान तुटलेला," ती म्हणाली. कप चांगला धडधाकट होता. पण आता त्याचा कान तुटलेला होताच, तेव्हा अगदीच खोटंही नाही, असं तिने स्वतःला सांगून टाकलं. मुलगी फडकं घेऊन आली, गुडघे टेकून पुसायला लागली, आणि वर न बघताच म्हणाली, "आई, पुरे झालं आता. बस की घरी. मी आहे ना." तिने उजवा हात पदराखाली घेतला आणि डाव्या हाताने पिशवी उचलून खांद्याला लावली.

बस. अंगावर शहारा आणणारा एवढासा शब्द. जिने उतरताना तो पायरीपायरीला तिच्याबरोबर खाली आला. तिच्या आईलाही सगळे असंच म्हणाले होते. आई दुकानांसाठी शर्टांची काजं करायची; बारीक, एकसारखी, उलटसुलट बघितली तरी फरक कळू नये अशी. मग सुई बोटातून गळायला लागली. आई हसायची, म्हणायची, सुईला पाय फुटलेत. एकदा इस्त्री करत होती आणि स्वयंपाकघरापर्यंत जळका वास आला, कापूस जळतो तसा नाही, वेगळाच. ती धावत गेली तर आई शांतपणे इस्त्री फिरवत होती आणि इस्त्रीच्या कडेला आईचं स्वतःचंच बोट होतं. "कसला वास येतोय गं?" आईने तिलाच विचारलं होतं. त्या दिवशी घरातले सगळे म्हणाले, बस आता तू. तीही म्हणाली. सगळे मायेनेच म्हणाले, आणि तीच खरी गोम. कारण आई बसली. खिडकीपाशी खुर्ची, मांडीवर दोन हात, दुसऱ्या कुणी सांभाळायला दिल्यासारखे. पुढे बरीच वर्षं ती त्या खुर्चीत होती, पण पाहुणी म्हणून. चहा दिला की "कशाला त्रास घेतलात" म्हणायची. स्वतःच्या लेकीला! त्या आठवणीने आजही तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची, आणि राग आईचा की आपला की त्या खुर्चीचा, हे काही केल्या ठरायचं नाही.

बसमध्ये तिने डाव्या हाताने दांडी धरली. उजवी बोटं पिशवीच्या पट्ट्यावर एकेक करून दाबून बघितली. अंगठा: काही नाही, म्हणजे मोजा घातल्यासारखा. त्याच्या शेजारचं बोट तसंच. मधलं तसंच. करंगळीपाशी येताच पट्ट्याची खरखर लागली, शिवणीचा दोरासुद्धा लागला. हॉस्पिटलातल्या मुलीने सांगितलंच होतं. दोन आठवड्यांपूर्वी तिला एका अरुंद पलंगावर झोपवून त्या मुलीने दंडाला, मनगटाला, बोटांना तारा चिकटवल्या होत्या. "थोडा झटका बसेल हं काकू, घाबरू नका." घाबरतेय कसली! उभा जन्म तारांमधून बारीक करंट मोजण्यात गेला आणि आज आपणच तार. तिला हसू आलं होतं. इथे सोडायचा, तिथे पकडायचा, मध्ये किती हरवला ते बघायचं, धंदा तोच. मुलीने कोपरापाशी करंट सोडला की बोटं आपोआप उडायची, तिने न सांगता. "मनगटात नस दाबली गेलीये," मुलगी पडद्यावर बघत म्हणाली, "तिथे अडतंय. करंगळीची नस दुसऱ्या वाटेने येते, म्हणून ती शाबूत आहे." डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन छोटं आहे, मात्र दीड महिना हात जपायचा. तिने मान डोलावली, कागद घडी करून पिशवीच्या तळाशी घातला आणि तारीख न घेता निघून आली. दीड महिना! दीड महिन्यात बागेत काय काय होईल याचा काही नेम होता का?

बाग टेकडीच्या उतारावर होती, आणि बागेच्या पोटातून दोनच वायरी फिरत होत्या, एक लाल, एक निळी. फाटकाजवळच्या खोलीतला कंट्रोलर त्या दोन वायरींवरून वर निरोप पाठवायचा, आणि प्रत्येक वॉल्व्हशेजारी चेंबरमध्ये बसलेली एक काळी डबी आपला निरोप ओळखून वॉल्व्ह उघडायची. डब्या पाणी सोडायच्या मोठं, पण स्वतः प्यायच्या इतकासा करंट, एक मिलिअँपसुद्धा नाही. त्याच्या मागे ती अशी हात धुऊन लागायची की माळीलोकांनी तिचं नाव मिलीताई पाडलं होतं, आणि आता पगारपत्रकावरचं नाव कुणाला विचारलं असतं तर लोकांनी एकमेकांची तोंडं बघितली असती. गेला आठवडाभर उताराचा वरचा भाग सुका होता. कुठेतरी एखाद्या जोडात पाणी शिरून लाल-निळी आतल्या आत चिकटली होती, करंट तिथून चोरून परत फिरत होता, आणि कंट्रोलर जास्त करंट दिसला की रुसून वरचे निरोपच बंद करत होता. मागच्या पावसाळ्यात दरड घसरली त्या जागी लावलेली रोपं माना टाकायला लागली होती. ती गेली की उतार पुन्हा घसरायला मोकळा.

बागेचा अधीक्षक काही वाईट माणूस नव्हता. हीच तर पंचाईत. वाईट असता तर भांडता आलं असतं. फाटकाशी तो तिचीच वाट बघत उभा होता. "मिलीताई, मी तुम्हाला आठवडा दिला. आज मशीन आणलंय. जागा दाखवा, एक खड्डा मारू. सापडलं तर उत्तम, नाही तर उद्यापासून ही लाइन बंद, सगळीकडे नवीन टाकतील, बिनवायरीची. ती माणसं स्वतःच बघतात सगळं. तुम्हालाही जरा आराम." शेवटचं वाक्य तो खरोखर आपुलकीने बोलला. "खुर्ची आहे ऑफिसात, पंख्याखाली." ती त्याच्याकडे बघत राहिली. खुर्ची! आज सगळ्या जगाने संगनमत केलं होतं की काय? "दुपारच्या आत जागा दाखवते," ती म्हणाली, आणि उजवा हात पिशवीत घालून चिमटा बाहेर काढला. काढताना डाव्या हाताने हळूच आधार दिला. त्याच्या लक्षात आलं नाही.

चिमटा म्हणजे मीटरचा लांब दोरीवरचा जबडा. तो वायरीभोवती मिटवायचा, वायर कापायची नाही, सोलायची नाही, आतून किती करंट जातोय ते वर मीटरवर उमटतं. एकच नियम: जबड्यात वायर एकच हवी. लाल तरी, निळी तरी. दोन्ही आल्या तर जाणारा आणि येणारा एकमेकांना खाऊन टाकतात आणि मीटर म्हणतं, शून्य. पहिल्या दिवशी शिकतात हे सगळे आणि पहिल्याच आठवड्यात एकदा चुकतात. मग जन्मभर नाही. ती चेंबरमागून चेंबर वर चढत गेली. झाकण उचकटायचं, पोटावर झोपायचं, दंडापर्यंत हात आत घालायचा, चिखलातून वायरींची जोडी बोटांनी फोडायची आणि एकीवर चिमटा मिटवायचा. बघायला वाव नसतोच, डोकं आत मावत नाही. फाटकापाशी नव्वद मिलिअँपच्या आसपास. तलावाशी तेवढाच, किंचित कमी. बाकाजवळच्या चेंबरमध्ये चौऱ्याऐंशी. म्हणजे चोर अजून पुढे. उन्हाने मान भाजत होती, कोपराला खडी टोचत होती आणि तिला बरं वाटत होतं. सकाळपासून पहिल्यांदा बरं. माणसाला दुसरं काय लागतं, एक चोर आणि एक वाट. त्याच्यापुढचं चेंबर पायऱ्यांखाली, सगळ्यात खोल आणि सगळ्यात भरलेलं. मध्ये सगळा रोपांचा पट्टा, वायरी त्याच्या खालून गेलेल्या. तिने हात घातला, चाचपलं, फोडलं, मिटवलं, आणि डाव्या हातातल्या मीटरकडे बघितलं. शून्य. पुन्हा दाबून बघितलं. शून्यच. बाकाशी चौऱ्याऐंशी आणि इथे काही नाही! ती उठून बसली आणि चिखलाच्या हाताने टेकडीखाली खूण केली. सापडला.

मशीन धडधडत वर आलं. चालवणारा लठ्ठ आणि बडबड्या होता, केबिनमधून खाली उतरायचंही ज्याच्या जिवावर येतं असा. "कुठे खणू ताई? एकदा दात लावले की मी मागेपुढे बघत नाही बरं." "ह्या रोपांतून. बाकापासून पायऱ्यांपर्यंत." दोन माळी गुमान आडवे झालेले वेल बाजूला करायला लागले. एकाने एक रोप मुळासकट काढून हातात धरलं, कुठे ठेवावं कळेना म्हणून तसंच धरून राहिला. अधीक्षक छत्री उघडून उभा होता. सगळं ठीक होतं. मीटर खोटं बोलत नाही. मग सुख का नव्हतं? जोड सापडला की तिला कसं मोकळं वाटायचं, आंबलेलं अंग एकदम सैल. आज अंग आखडलेलंच होतं. कप हातात आहे असं वाटत होतं तसंच काहीसं वाटत होतं. हातात आहे, घट्ट धरलाय, आणि खाली काहीतरी पसरत चाललंय. उगाच, ती स्वतःवर डाफरली, सकाळचं डोक्यातून काढ. मशीन वळलं, लांब हात वर उचलला गेला, आणि त्याच्या टोकाच्या बादलीची सावली पायऱ्यांवरून सरकत येऊन उघड्या चेंबरवर पडली.

सावलीत चेंबर एकदम काळं झालं. आणि त्या काळोखात, गढूळ पाण्याच्या जरा वर, एक तांबडा ठिपका लागला, विझला, लागला. डबीचा दिवा. इतका वेळ उन्हात तो दिसला नव्हता. ती बघत राहिली. डबी जिवंत आहे. जिवंत आहे म्हणजे पितेय. पितेय म्हणजे वायरीतून काहीतरी येतंय, अर्धा मिलिअँप का होईना, आणि तिच्या पुढच्या सगळ्या डब्यांचं वेगळंच. मग शून्य कसं? शून्य असूच शकत नाही. शून्य एकाच गोष्टीने येतं. दोन वायरी. दोन्ही जबड्यात होत्या आणि तिच्या बोटांना एकच लागली होती. लागली कसली, काहीच लागलं नव्हतं. एक आहे असं ती धरून चालली होती, एवढंच. आईने नव्हतं का विचारलं, कसला वास येतोय गं?

एक श्वासभर, फार तर दोन, तिच्या मनात आलं की बोलू नये. खणू दे. काही सापडणार नाही, मग म्हणायचं जमीन फसवी आहे, लाइन जुनी आहे, नशीब. कुणाला कळणार होतं? हाताचं हातापाशी राहील. लाइन जाईल, रोपं जातील, पण हाताचं कुणाला कळणार नाही. आणि मग ऑफिसातली खुर्ची, पंख्याखाली, मांडीवर दोन हात. माळ्याने धरलेल्या रोपाची मुळं वाऱ्याने हलत होती. बादली खाली यायला लागली.

"थांबा!" ती ओरडली. स्वतःचाच आवाज तिला मोठा वाटला. "अहो थांबवा ते!" ती थेट बादलीखाली जाऊन उभी राहिली. मशीन आचका देऊन थांबलं, आणि चालवणाऱ्याने केबिनमधून डोकं बाहेर काढून तिच्या सात पिढ्यांची आठवण येईल इतक्या जोरात विचारलं, "मरायचंय का ताई?" अधीक्षक छत्री टाकून धावत आला. "काय झालं?" "जागा चुकली. इथे नाहीये." "आत्ता तर म्हणालात..." "चिमट्यात दोन्ही वायरी आल्या." तो बागेचा माणूस, त्यालाही एवढं ठाऊक होतं, तो गोंधळून तिच्याकडे बघायला लागला. "तुमच्याकडून? असं कसं होईल?" आता सुटका नव्हती. सुटका नको होती, हेही त्याच क्षणी तिला कळलं. तिने उजवा हात वर केला, चिखलाने माखलेला, सगळ्यांना दिसेल असा. "ह्या बोटांना कळत नाही," ती म्हणाली. "तीन महिने झाले. मनगटात नस दाबलीये. सकाळी कप पडला तोही कळला नाही. मी लपवलं. आता सांगतेय." मशीनचं इंजिन तेवढं गुरगुरत होतं. अधीक्षकाच्या चेहऱ्यावर दया उमटायला लागली, आणि ती तिने उगवायच्या आतच खुडली. "माझ्याकडे तोंड पाडून बघू नका साहेब. दुपार व्हायला वेळ आहे. मला जागा दाखवायचीये."

"कशी दाखवणार? तुम्हीच म्हणता की..." "करंगळीला कळतं." ती पुन्हा पोटावर झोपली. हात आत घातला, जोडी धरली, आणि या खेपेला करंगळी पुढे केली, आंधळ्याच्या काठीसारखी. चिखल गार होता. हो, गार होता, हे इतका वेळ कुठे कळलं होतं? करंगळी एका वायरीवरून घसरली, मागून फिरली, दुसरी वायर सापडली, तिला बाहेर ढकललं. मग जबडा मिटवला, आणि मिटलेल्या जबड्याच्या आतून करंगळी पुन्हा एकदा फिरवली. एक. खात्रीने एक. मीटरकडे बघायची तिला घाईसुद्धा नव्हती. चौऱ्याऐंशीला थोडा कमी. चोर रोपांखाली नव्हताच. तो वर होता, अजून वर. "झाकणं काढा पुढची," ती माळ्यांना म्हणाली, "आणि ते रोप लाव जागच्या जागी, हातात धरून काय उभा राहिलायस?"

टाकीमागच्या चेंबरमध्ये आत जाताना ऐंशी होता आणि बाहेर पडताना पाच. इतक्या सरळपणे. पाच म्हणजे पुढच्या डब्या, सगळ्या जिवंत, आपापलं पिणाऱ्या. जोड तिने ओढून उजेडात आणला. वरची टोपी तडकलेली, आत हिरवट चिखल, तांबं कुजून एकमेकांना चिकटलेलं. एवढ्याशा गाठीने आठवडाभर टेकडी तहानलेली ठेवली होती. तिने कापून टाकला, वायरी सोलल्या, आणि मग थांबली. पीळ घालायला अंगठ्यात जोर लागतो आणि बोटात जाणीव लागते. तिने केबिनकडे बघितलं. "या खाली. पीळ घाला." मशीनवाला भुवया उंचावून म्हणाला, "मी? ताई, मी माती उपसणारा माणूस. हे असलं नाजूक माझ्या बापाने केलं नाही." "बापाने नाही केलं म्हणून तर तुम्ही करा. या. उजवीकडे वळवत जा, कडक लागला की थांबा." तो धापा टाकत उतरला, गुडघे मोडून बसला, आणि जिभेचं टोक बाहेर काढून, सुई ओवणाऱ्यासारखा, पीळ घालायला लागला. तिने करंगळी लावून बघितलं. "अजून एक वेढा." त्याने घातला. "आता बरोबर," ती म्हणाली, आणि तो लहान मुलासारखा खूश झाला.

खाली खोलीत कुणीतरी लाइन सुरू केली. आधी काही झालं नाही. मग टेकडीच्या पोटात एकामागून एक टकटक झालं, फवारे खोकले, हवा बाहेर टाकली आणि पाणी आलं. माळी बाजूला न होता तसेच भिजत उभे राहिले. अधीक्षक तिच्याशेजारी येऊन उभा राहिला. "उद्या या ऑफिसात," तो म्हणाला. "बसून बोलू."

"उद्या मी हॉस्पिटलात आहे. ऑपरेशनची तारीख घ्यायला." तिने चिमटा पुसून पिशवीत ठेवला. "दीड महिना माझा हात बंद राहील. तोवर ह्या लाइनला कुणी हात लावायचा नाही. मी परत येणार आहे ह्याच चेंबरमध्ये."

"आणि मध्येच काही बिघडलं तर?"

"तर मला घ्यायला माणूस पाठवा. मी वर उभी राहून सांगेन, हा खाली झोपून करेल." तिने मशीनवाल्याकडे बोट दाखवलं. "त्याला पीळ येतो आता." मशीनवाला "अहो!" म्हणाला, पण नाही म्हणाला नाही. अधीक्षकाने बंद मशीनकडे बघितलं, मग पाण्याकडे. "बरं," तो म्हणाला. "दीड महिना."

पिशवीत फोन वाजत होता. मुलगी. तिने डाव्या हाताने तो कानाला लावला आणि उजवा सहज फवाऱ्याखाली धरला. पाणी अंगठ्यावर पडत होतं, मधल्या बोटावर पडत होतं, ते फक्त दिसत होतं. करंगळीला गार लागत होतं, चांगलं झोंबण्याइतकं गार. तिचे डोळे भरून आले आणि तिने ते भरू दिले.

"आई, किती वेळ झाला फोन करतेय! जेवलीस का? कसला आवाज येतोय?"

"पाण्याचा. ऐक, तो कप चांगला होता. मी खोटं बोलले."

"ठाऊक आहे मला," मुलगी म्हणाली. "हात कसा आहे?"

"वाईट आहे. उद्या तू चल माझ्याबरोबर."

"येते. पण आता जरा सावलीत बसलीयेस ना?"

"नाही," ती म्हणाली. "उभी आहे."